विझलेल्या माळेचा झटका : एका सोसायटीच्या दिवाळी रोषणाईचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिम भागातली एक सहकारी गृहरचना संस्था. खाली पार्किंग, वर चार मजले, चोवीस सदनिका, १९९४ चं बांधकाम, लिफ्ट नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. आधीची दोन वर्षं कोरोनात गेली होती, म्हणून या वेळी अख्खी इमारत उजळायची असं कोजागरीच्या दुधाच्या वेळी गच्चीवरच ठरलं. १६ तारखेच्या रविवारी माळा चढल्या. १७ च्या रात्री पुण्यात प्रचंड पाऊस झाला, कित्येक रस्ते पाण्याखाली गेले. १८ ला सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात कामाला येणाऱ्या मावशी बाल्कनीचं ग्रिल ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्यांना जोराचा झटका बसला. हात फेकला गेला, त्या मागच्या भिंतीवर आदळल्या, खांद्याला मुका मार लागला. तेवढ्यावर निभावलं.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. त्याच दुपारी सेक्रेटरींनी मला बोलावलं. पुढे जे सापडलं आणि जे केलं, ते संस्थेच्या संमतीने, नावं वगळून इथे मांडतो आहे. मांडायचं कारण सरळ आहे. रोषणाईचा विषय निघाला की सगळे पहिल्यांदा विचारतात, "लोड किती येईल?" या इमारतीवर चौसष्ट माळा होत्या. एका एलईडी माळेला साधारण पाच वॅट धरले, तर सगळ्या मिळून तीनशे वीस वॅट, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीच्या निम्म्याहून कमी. लोडचा प्रश्न तिथे नव्हताच. धोका दोन ठिकाणी होता : वायरींच्या सांध्यांत आणि कठड्यावर बसलेल्या पोरांच्या उंचीत. आणि हे दोन्ही कोटेशनच्या कागदावर कुठेच नव्हतं.

"माळ तर बंद होती"

मी पोचलो तेव्हा खाली दोन तट पडलेले होते. एकाचं म्हणणं, मावशींना भास झाला असेल. मुद्दा बिनतोड वाटावा असाच होता : झटका बसला सकाळी साडेनऊला आणि टायमरने माळा पहाटेच बंद केल्या होत्या. विझलेल्या माळेतून झटका कसा बसेल? शिवाय त्याच घरातल्या काकूंनी सकाळी त्याच ग्रिलवरचे टॉवेल काढले होते, त्यांना जरा झिणझिण्या आल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही.

मावशी मात्र ठाम होत्या. "दादा, मला वीज लागलीये, मला कळत नाय का?" त्यांचं म्हणणं शब्द न शब्द खरं निघालं. काकूंच्या पायांत रबरी सपाता होत्या आणि हात कोरडे होते. मावशी अनवाणी, ओल्या फरशीवर, हातात ओलं फडकं. ग्रिल तेच, वीज तीच. फरक होता तो शरीरातून जमिनीत जाणाऱ्या वाटेचा. घरात सगळ्यात जास्त धोका नेहमी ओल्या फरशीवर अनवाणी काम करणाऱ्या माणसाला असतो, आणि "भास झाला असेल" हेही नेमकं त्यालाच ऐकावं लागतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला त्याचा राग येतो.

आधी मोजमाप केलं. मीटररूममधल्या अर्थिंगच्या पट्टीपासून वायर वर नेली आणि ग्रिल व अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला. दीडशेच्या आसपास व्होल्ट दिसले. पण नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवता येत नाही. जवळून जाणाऱ्या वायरीमुळेही तो असे आकडे दाखवतो, ज्यांच्यामागे ताकद काहीच नसते. म्हणून मध्ये एक किलो-ओहमचा रोधक जोडला. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळपणे तेवढा धरतात. त्या रोधकावर सव्वीस व्होल्ट मिळाले, म्हणजे सव्वीस मिलीअँपिअर प्रवाह. हे दुपारी, पाऊस थांबून ऊन पडल्यावर. सकाळी सगळं ओलं असताना तो याहून जास्तच असणार. साधारण दहा मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडायला लागतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे, प्रवाह थोडा वेळ टिकला, तर श्वास आणि हृदयावर येतं. मावशी ग्रिल पुसत होत्या, त्यांनी ते मुठीत पकडलेलं नव्हतं. म्हणून हात सुटला.

आता बंद माळेचं कोडं. माळांची लाईन जिन्याच्या दिव्यांच्या आणि पंपाच्या कॉमन मीटरवरून घेतली होती. लाकडी बोर्डावर जुना किटकॅट (चिनी मातीचा) फ्यूज, त्यापुढे टायमर, तिथून दोन तारांची साधी वायर डक्टमधून गच्चीवर. अर्थची तिसरी तार नाहीच. टायमर जोडणाऱ्याने घाईत फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) तोडला होता. अशा जोडणीत टायमर बंद झाला की प्रवाहाची परतीची वाट तुटते, म्हणून दिवे विझतात. पण फेज तशीच माळेत येऊन थांबलेली असते, पहिल्या दिव्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत. दिसायला माळ मेलेली आणि आत पूर्ण २३० व्होल्ट. रात्री चालू माळेला हात लावताना माणूस थोडा तरी बिचकतो. दिवसा विझलेल्या माळेला कोणी बिचकत नाही.

फ्यूज का उडाला नाही, हे अध्यक्षांनी मला दोनदा विचारलं. प्रश्न रास्त होता. फ्यूज असो वा एमसीबी (फ्यूजच्या जागी येणारा, आपोआप वीज तोडणारा स्विच), तो वायर जळू नये म्हणून असतो. पाच-सहा अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय तो हलत नाही आणि माणूस मरायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह पुरतो. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो आहे का, हे ते सतत तोलत राहतं. तीस मिलीअँपिअरची तफावत दिसली की तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडतं, तफावत मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. या इमारतीच्या कॉमन बोर्डावर आरसीसीबी नव्हता. १९९४ च्या इमारतीत तो नसणं नवलाचं नाही. अठ्ठावीस वर्षांत कोणी बसवला नाही, हे मात्र खटकणारं आहे.

सांधे

दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलपाशी काय झालं होतं ते सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मला दर दिवाळीत दहा ठिकाणी दिसते.

माळा गच्चीवरून खाली सोडलेल्या, एकीच्या शेपटाला दुसरीची दोन पिनांची टोपी जोडून. दोन माळांचा सांधा बरोबर दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलसमोर आला होता. पाणी शिरू नये म्हणून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. साधी टेप पावसात काय करते? पाणी माळेच्या वायरीवरून ओघळत खाली येतं, टेपच्या वरच्या तोंडातून आत शिरतं आणि टेप ते आत धरून ठेवते. उघडा सांधा ऊन पडल्यावर तासाभरात वाळला असता. गुंडाळलेला दुपारपर्यंत ओला राहिला. त्यात तो सांधा हलू नये म्हणून बाइंडिंगच्या लोखंडी तारेने ग्रिलला आवळून बांधलेला. माळेच्या वायरीवरचं प्लॅस्टिक अगदी पातळ असतं. वाऱ्यात माळ हेलकावत राहिली आणि तारेने ते कापलं. मग ओला सांधा, लोखंडी तार, लोखंडी ग्रिल अशी वीज उतरत गेली.

या माळा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ढिगाने मिळतात तशाच होत्या. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्ट थेट माळेत जातात. दिवा इवलासा, त्यामुळे वीजही इवलीशी असेल असा समज होतो. तो साफ खोटा आहे. एलईडीला तीन व्होल्ट पुरतात हे खरं, पण ओळीत जोडलेल्या दिव्यांच्या माळेत कुठेही कापलं, तर त्या जागी भेटणारी वीज घरच्या सॉकेटातलीच असते. ॲडॅप्टर लावून चोवीस किंवा एकतीस व्होल्टवर चालणाऱ्या माळाही बाजारात आहेत. महाग पडतात. घराच्या बाल्कनीत, जिथे लहान मूल हात लावू शकतं तिथे, मी फक्त त्याच लावायला सांगतो. विकत घेताना खोक्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) नोंदणीचा आर-क्रमांक बघावा, कारण दिव्यांच्या माळा त्या सक्तीच्या नोंदणीत येतात. बाहेर लावायची असेल तर आयपी-४४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा) किंवा त्यावरचा असावा. त्यातला दुसरा अंक पाण्याचा : चार म्हणजे उडणारे शिंतोडे सोसणारी, पाच म्हणजे पाण्याची धार सोसणारी. पण आयपीचा आकडा माळेचा असतो, तुम्ही टेप गुंडाळून केलेल्या सांध्याचा नसतो.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट सापडली. मागच्या गल्लीत खांबांवरून लघुदाब वाहिनी (घरांना वीज देणाऱ्या तारा) जाते. शोभेसाठी गच्चीच्या कोपऱ्यापासून आवारातल्या आंब्यापर्यंत दोन माळा ताणल्या होत्या आणि त्या वाहिनीच्या तारांपासून हातभर अंतरावरून जात होत्या. लघुदाबाच्या तारा इमारतीपासून आडव्या मापाने किमान १.२ मीटर दूर असाव्यात, असा नियम आहे. आपण माळ बांधून ते अंतर स्वतःच खाऊन टाकतो. वाऱ्याने फांदी हलली असती, तर माळ थेट तारांवर गेली असती. त्या दोन माळा मी त्याच क्षणी काढायला लावल्या. बाकीच्या नंतर.

कठड्यावर बसलेली पोरं

१६ तारखेचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होते. कौतुकानेच टाकलेले. त्यांत चौथ्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्यावर एक मुलगा पाय बाहेर सोडून बसलेला, कमरेत वाकून खाली माळ सोडतो आहे. दुसऱ्याने त्याचा शर्ट मागून धरला आहे. वय दोघांचंही एकोणीस-वीस. दोरी नाही, बेल्ट नाही, हेल्मेट नाही. खाली पार्किंगचं काँक्रीट. फोटोवर अंगठ्यांची आणि फुलांची रांग होती.

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात भयंकर पुरावा तो फोटो होता. झटक्याच्या वेळी निदान कोणाला माहीत नव्हतं. इथे चोवीस घरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि कोणालाच काही खटकलं नाही, कारण आपल्याकडे असंच करतात.

डेकोरेटरला बोलावलं. तो आला, हुज्जत घातली नाही. त्याचं म्हणणं असं की अकरा हजारांत माळा त्याच्या, पोरं त्याची, टेंपो त्याचा, वर पंधरा दिवसांनी उतरवायचंही. एका दिवसात तीन इमारती मारल्याशिवाय परवडत नाही. तीन इमारती मारायच्या तर बेल्ट बांधत बसायला वेळ कोणाकडे? त्याचं सगळं समर्थन मी करणार नाही, न्यूट्रल तोडणं ही त्याच्या माणसाची चूकच. पण या हिशेबात तो खरं बोलत होता. संस्थेने तीन दर मागवले होते : अकरा हजार, साडेएकोणीस हजार आणि सव्वीस हजार. स्वस्त दर एका ओळीच्या व्हॉट्सॲप मेसेजवर आला होता, त्यात पूर्ण इमारत, पंधरा दिवस आणि रक्कम एवढंच होतं. सव्वीस हजारवाल्याने दीड पान लिहून दिलं होतं. ते पान समितीतल्या कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, आकडा पाहूनच बाजूला ठेवलं गेलं.

माळा उतरवायची वेळ आली तेव्हा तीच दोन पोरं पुन्हा कठड्यावर चढायला निघाली. ते मी होऊ दिलं नाही. प्रत्येक मजल्यावर घरातून बांधलेल्या तारा सोडवल्या आणि माळा गच्चीवरून, कठड्याच्या आत उभं राहून, वर ओढून घेतल्या. तासभर जास्त लागला.

पुन्हा माणूस शोधताना

१८ च्या रात्री सभा झाली. "तीस वर्षं लावतोय, काही झालं नाही," हे वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं. पूर्वी फाटकावर चार माळा आणि प्रवेशद्वाराशी एक मोठा कंदील एवढंच असायचं. ग्रिलांना चिकटवून चार मजले माळा सोडण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्या तीस वर्षांचा अनुभव इथे कामाचा नव्हता. काहींना या वर्षी रोषणाईच नको होती. मला ते पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. दोन वर्षं लोक दारं लावून बसले होते, इमारतीत तीन घरी माणसं गेली होती. दिवाळीला दिवे हवेतच. नीट लावावेत, एवढंच.

सव्वीस हजारवाल्याला परत बोलावलं. हातात जेमतेम तीन दिवस होते. त्याच्यासमोर आधी एक गोष्ट वेगळी केली. तयार माळ सॉकेटात लावणं हे कोणीही करू शकतं. मीटररूममधून नवी लाईन काढणं, बोर्ड बसवणं हे विद्युत संचमांडणीचं काम. ते परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. म्हणून कामाचे दोन भाग केले आणि दोन वेगवेगळे कागद. बोर्डाचं काम कायमचं, संस्थेच्या खर्चाने, परवानाधारक ठेकेदाराला. रोषणाईचं काम या नव्या डेकोरेटरला, आणि त्याने जोडायचं ते फक्त आम्ही दिलेल्या सॉकेटांपासून पुढे.

डेकोरेटरशी बोलताना मी दराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते असं : वर कोण चढणार, त्याचं वय काय, बेल्ट कुठला आणि तो बांधणार कशाला? पहिल्या तीनांची उत्तरं पटकन आली. चौथ्यापाशी तो थबकला आणि मग म्हणाला, "टाकीच्या पाइपाला." पुष्कळ जण तेच सांगतात. पाण्याच्या टाकीचा पाइप किंवा गच्चीचं रेलिंग पडणाऱ्या माणसाचा हिसका सोसत नाही. आम्ही जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीचा काँक्रीटचा खांब ठरवला आणि तिथून दोरी घेतली. कमरेचा पट्टा चालणार नाही, खांद्या-मांड्यांतून येणारा पूर्ण हार्नेसच हवा, हे लिहून घेतलं. त्याच्याकडे एकच होता. दुसरा त्याने भाड्याने आणला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कठड्यावर चढायची गरजच काढून टाकली. खाली लोखंडी वजन बांधलेली नायलॉनची दोरी आतूनच सोडायची, माळ केबल-टायने तिला आधीच जोडलेली, आणि खालच्या माणसाने दोरी ताणून ग्रिलांपासून वीतभर दूर बांधायची. भार दोरीवर येतो, माळेच्या वायरीवर येत नाही. बाइंडिंगची तार पूर्ण बंद. फाटकाच्या कमानीसाठी शिडी लागणार होती. त्याच्याकडे ॲल्युमिनियमची होती, ती त्या आवारात नको म्हटलं. मागे उघड्या तारा असताना धातूची शिडी कोणी ना कोणी कधी तरी तिकडे नेतोच. फायबरची आणली. चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून लांब आणि खाली धरायला एक माणूस, जो मध्येच चहाला जाणार नाही.

करारात आणखी काही गोष्टी घातल्या. त्याच्या माणसांचा अपघात विमा असावा आणि पॉलिसीची प्रत काम सुरू होण्याआधी मिळावी. पावसात काम नाही, तारीख पुढे गेली तरी चालेल. बिघाड झाला तर लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसुद्धा तासाभरात माणूस येईल. माळा उतरवायची तारीख ९ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमेनंतर लगेच. ही शेवटची अट अनेकांना क्षुल्लक वाटली. पण माळा लावायला जेवढी घाई असते, तेवढी उतरवायला कोणालाच नसते. पैसे मिळालेले असतात, पोरं लग्नसराईच्या मांडवांवर गेलेली असतात आणि माळा उन्हात तडकत फेब्रुवारीपर्यंत लोंबत राहतात. म्हणून रकमेचे तीन हप्ते केले : आधी चाळीस टक्के, चाचणी झाल्यावर चाळीस, उतरवल्यावर वीस. त्या वीस टक्क्यांनी काम केलं, ९ तारखेला सकाळी टेंपो दारात होता.

घासाघीस करून दर तेवीस हजारांवर आला. मी मध्ये पडून एवढंच सांगितलं की कमी करायचे तर माळांची संख्या कमी करा, माणसांची नको. चौसष्टच्या अठ्ठेचाळीस झाल्या. इमारत तेवढीच छान दिसत होती.

बोर्ड आणि चाचणी

किटकॅट काढून नवा बोर्ड बसवला. माळांसाठी चार वेगळ्या शाखा, प्रत्येकीला सहा अँपिअरचा एमसीबी आणि तीस मिलीअँपिअरचा स्वतःचा आरसीसीबी. एकाच आरसीसीबीवर सगळं टाकता आलं असतं आणि स्वस्तही पडलं असतं. पण लांबलचक वायरी आणि माळांची इलेक्ट्रॉनिक्स थोडा-थोडा प्रवाह झिरपू देतात. तो साचून आरसीसीबी विनाकारण पडायला (म्हणजे वीज तोडायला) लागतो आणि मग वैतागून कोणीतरी त्याला बायपास करतो. चार शाखा असल्या की एक पडली तरी तीन बाजू उजळलेल्या राहतात आणि दोष कुठे आहे तेही लगेच कळतं. टायमर असा घेतला की जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. गच्चीपर्यंत दीड चौरस मिलीमीटरची तीन तारांची तांब्याची केबल, तिथे झाकणाची पावसाळी सॉकेटं. सांधे सगळे बंद खोक्यांत आणि खोक्यात शिरण्याआधी केबल खाली झोळ देऊन वर घेतलेली, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, खोक्यात जात नाही.

डेकोरेटरची प्रत्येक माळ चढवण्याआधी तपासली. फेज-न्यूट्रल एकत्र बांधायचे, सांध्यांवर बागेच्या पंपाने पाणी मारायचं, मग ती दोन टोकं आणि ओलं आवरण यांच्यात पाचशे व्होल्टचा मेगर (वायरीवरचं आवरण वीज किती रोखतं ते मोजणारं यंत्र). फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्ये मेगर लावायचा नाही, माळेतली सर्किटं जळतात. एक मेगोहमच्या खालची माळ बाद. नऊ माळा बाद झाल्या. डेकोरेटर सुरुवातीला हिरमुसला. मग त्यानेच विचारलं की हे यंत्र कुठे मिळतं.

प्रवेशद्वाराचा कंदीलही बदलला. बांबू-कागदाचा चार फुटी सुंदर कंदील होता, वरच्या मजल्यावरची मुलं दर वर्षी करतात. आत शंभर वॅटचा जुना बल्ब कागदापासून चार बोटांवर, आणि कंदील वायरीवरच टांगलेला. नऊ वॅटचा एलईडी लावला आणि वजन सुतळीवर घेतलं. वायर सैल.

वसुबारसेच्या संध्याकाळी, २१ ला, दिवे लागले. मावशींना सेक्रेटरींनी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या दवाखान्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचा पगार संस्थेने दिला. तो ठराव एकमताने झाला, हे नोंदवायला हवं.

लक्ष्मीपूजनाची रात्र

२४ ला ऐन पूजेच्या वेळी पूर्वेकडची शाखा पडली. वर केली, पुन्हा पडली. खाली गर्दी जमली आणि अपेक्षित सूचना आली : आजच्या रात्रीपुरता तो आरसीसीबी बायपास करा, उद्या बघू. मी फोनवर होतो. बोर्डाला हात लावू नका, एवढंच म्हटलं. सेक्रेटरी बोर्डासमोर उभे राहिले आणि त्यांनी खरोखरच कोणाला हात लावू दिला नाही. त्या रात्री हे सोपं नव्हतं.

करारानुसार माणूस पाऊण तासात आला. पूर्वेकडच्या माळा एकेक करून सोडवत तो तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. तिथल्या एका घराने बाल्कनीतून हात बाहेर काढून संस्थेच्या माळेच्या शेपटाला आपली घरची जुनी माळ जोडली होती, ग्रिलला सुंदर गुंडाळून. तिची वायर दोन ठिकाणी सोललेली होती. म्हणजे १८ च्या सकाळचीच परिस्थिती, फक्त एक मजला वर. आरसीसीबीने आपलं काम केलं होतं. त्या घरात तेव्हा दोन आणि पाच वर्षांची मुलं होती. माळ काढली, शाखा उभी राहिली.

त्या घराला दोष द्यायला जीभ सगळ्यांचीच सरसावली, पण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरोघरच्या माळांबद्दल आम्ही काहीही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी समितीने दाराला पत्रकं लावली : शेपटाला काही जोडू नये, घरची माळ घरातल्याच सॉकेटावर लावावी, ती ग्रिलला गुंडाळू नये, कंदील टांगायला बाल्कनीत स्टूल किंवा खुर्ची घेऊन एकट्याने चढू नये. त्यातलं शेवटचं वाक्य मीच आग्रहाने घालायला लावलं, कारण बाल्कनीतल्या खुर्चीवरून कठड्याची उंची कमरेच्याही खाली येते.

पुढचं काम अजून अर्धवट आहे. कॉमन बोर्ड सुरक्षित झाला, तरी प्रत्येक घराचा बोर्ड त्या घराचा. चोवीसपैकी अकरा घरांनी पुढच्या दिवाळीपर्यंत मुख्य स्विचपाशी तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. मजुरीसकट दोन-तीन हजारांचं काम आहे. उरलेली तेरा बहुतेक भाड्याने दिलेली. मालक म्हणतात भाडेकरूने करावं, भाडेकरू म्हणतात घर मालकाचं. आपल्याला सक्ती करता येत नाही असं समितीला वाटतं. मी सुचवलं की सगळ्यांची एकत्र खरेदी करून दर खाली आणावा, खर्च देखभालीच्या बिलात तीन हप्त्यांत घ्यावा आणि बसवायला एकच ठेकेदार एका रविवारी बोलवावा. हा प्रस्ताव सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो मांडला आहे, आणि मावशी ज्या चार घरांत काम करतात त्या चारही घरांची सही त्यावर पहिली आहे.